'पॉझिटिव्ह विचार करा, हवं ते मिळेल' : हा दावा ख्रिस्ती विचारवंतांना का पटत नाही?

इन्स्टाग्रामवर पाच मिनिटं स्क्रोल केलं तरी असं एखादं रील समोर येतंच. हवी ती गोष्ट वहीत सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री नऊदा लिहा. भिंतीवर स्वप्नातल्या घराचा फोटो लावा. 'मला नोकरी हवी आहे' असं म्हणू नका, 'मला नोकरी मिळाली आहे' असं म्हणा. आणि शेवटी, कमेंटमध्ये 'क्लेम' लिहायला विसरू नका!

या सगळ्याला 'मॅनिफेस्टेशन' किंवा 'लॉ ऑफ अट्रॅक्शन' म्हणतात. ही कल्पना जगभर घरोघरी पोहोचवली ती २००६ साली आलेल्या 'द सीक्रेट' या फिल्मने आणि त्याच नावाच्या पुस्तकाने. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी मागा, मग मिळणारच असा विश्वास ठेवा आणि मग स्वीकारा. या पायऱ्या बायबलच्या नव्या करारातून घेतल्या आहेत, असं लेखिका रॉन्डा बर्न पुस्तकातच सांगतात.

मग बायबल खरंच असं सांगतं का? काही पाळक म्हणतात, हो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही बाजूंचे अनेक अभ्यासक म्हणतात, नाही. त्यांच्या मते या शिकवणीमुळे आजारी, बेरोजगार आणि दुःखात असलेल्या माणसांचं नुकसान होतं. हा वाद नेमका काय आहे, तो कधी सुरू झाला आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, ते समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

• 'पॉझिटिव्ह थिंकिंग'चा उगम १९व्या शतकातल्या अमेरिकेत, ख्रिस्ती वातावरणातच झाला. त्यामुळे हा वाद बऱ्याच अंशी घरातला आहे.
• ख्रिस्ती टीकाकारांचा आक्षेप आनंदी राहण्यावर किंवा आशा बाळगण्यावर नाही. विचारांच्या जोरावर वास्तव बदलता येतं, या दाव्यावर आहे.
• गोष्ट मिळाली नाही की दोष त्याच माणसाच्या माथी येतो, हा त्यांचा सर्वांत मोठा मुद्दा.
• या शिकवणीसाठी वापरली जाणारी बायबलमधली अनेक वचनं संदर्भ सोडून घेतलेली असतात.

ही कल्पना आली कुठून?

सुरुवात होते एका घड्याळजीपासून. फिनियस क्विंबी (१८०२-१८६६) हे अमेरिकेतल्या मेन राज्यातले. मेस्मेरिझमचे प्रयोग करता करता ते एका निष्कर्षावर आले: आजार शरीरात नसतो, तो चुकीच्या समजुतीत असतो. समजूत बदलली की माणूस बरा होतो. ते पोर्टलंड शहरात रुग्णांना बसवून त्यांच्याशी बोलत आणि अनेकांना आराम पडल्याचं सांगितलं जाई.

१८६२ साली त्यांच्याकडे आलेल्या रुग्णांमध्ये मेरी बेकर एडी होत्या. पुढे त्यांनी १८७५ साली 'सायन्स अँड हेल्थ' हे पुस्तक लिहिलं आणि १८७९ साली 'चर्च ऑफ ख्राइस्ट, सायंटिस्ट'ची स्थापना केली. एडी यांच्यावर क्विंबींचा किती प्रभाव होता, यावर नंतर बरंच भांडण झालं. पण मनाने आजार बरा करण्याची लाट तोवर पसरली होती. यातूनच पुढे 'न्यू थॉट' नावाची चळवळ उभी राहिली.

न्यू थॉटचं सूत्र साधं होतं. देव म्हणजे सगळीकडे भरून राहिलेलं एक मन. माणसाचं मन त्याचाच भाग. म्हणून योग्य विचार केला की आरोग्य आणि यश आपोआप येणार. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना या लाटेची दखल घ्यावीशी वाटली. १९०२ सालच्या 'द व्हरायटीज ऑफ रिलिजियस एक्स्पिरियन्स' या पुस्तकात त्यांनी या लोकांच्या प्रसन्न वृत्तीचं कौतुक केलं, पण वाईटाकडे डोळेझाक करणारा हा धर्म अपुरा आहे असंही नोंदवलं.

आता बाजारातल्या पुस्तकांकडे पाहा. वॉलेस वॅटल्स यांचं 'द सायन्स ऑफ गेटिंग रिच' १९१० सालचं. ते न्यू थॉट परंपरेतलंच आणि तेच वाचून आपल्याला 'द सीक्रेट'ची दिशा मिळाली, असं बर्न यांनी सांगितलं आहे. 'द पॉवर ऑफ युवर सबकॉन्शस माइंड' हे १९६३ सालचं पुस्तक आजही आपल्याकडे खपतं. मराठी अनुवादासकट. त्याचे लेखक जोसेफ मर्फी यांना अनेक जण मानसशास्त्रज्ञ समजतात. प्रत्यक्षात ते लॉस एंजेलिसमध्ये न्यू थॉटच्या 'डिव्हाइन सायन्स' या पंथाचे धर्मोपदेशक होते.

म्हणजे आज जे 'विज्ञान' म्हणून विकलं जातं, त्याचा बराचसा भाग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका धार्मिक चळवळीचा आहे.

चर्चमध्ये ही शिकवण कशी शिरली?

इथे सर्वांत महत्त्वाचं नाव येतं ते नॉर्मन व्हिन्सेंट पील (१८९८-१९९३) यांचं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या मार्बल कॉलेजिएट चर्चचे ते १९३२ ते १९८४ अशी ५२ वर्षं पाळक होते. डोनाल्ड ट्रम्प यांचं कुटुंब याच चर्चमध्ये जायचं. १९७७ साली ट्रम्प यांचं पहिलं लग्न पील यांनीच लावलं.

१९५२ साली पील यांचं 'द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग' प्रसिद्ध झालं आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बेस्टसेलर यादीत १८६ आठवडे राहिलं. पुस्तकात बायबलची वचनं गोळ्यांसारखी घ्यायला सांगितली आहेत. अमुक वचन दिवसातून दहा वेळा मोठ्याने म्हणा, आत्मविश्वास वाढेल. प्रार्थनेचंही त्यांनी तीन टप्प्यांचं सूत्र दिलं: प्रार्थना करा, हवं त्याचं चित्र मनात रंगवा, ते प्रत्यक्षात उतरवा. आजच्या 'व्हिज्युअलायझेशन'च्या रील्स यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाहीत.

पील यांच्यावर पहिली जोरदार टीका झाली ती त्यांच्याच शहरातून. युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतले धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबूर म्हणत की, अशाने लोकांना बरं वाटतं, पण आयुष्यातले खरे प्रश्न टाळले जातात. दोन महायुद्धं, छळछावण्या आणि अणुबॉम्ब पाहिलेल्या पिढीला 'चांगला विचार करा' एवढंच सांगणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं.

पील यांच्या वाटेने पुढे रॉबर्ट शुलर गेले. त्यांचा शब्द होता 'पॉसिबिलिटी थिंकिंग'. १९५५ साली कॅलिफोर्नियात त्यांनी एका ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये उपासना सुरू केली, लोक गाडीत बसूनच ऐकत. १९८० साली गार्डन ग्रोव्ह इथे त्यांचं प्रचंड काचेचं 'क्रिस्टल कॅथीड्रल' उभं राहिलं. २०१० साली या संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. इमारत कॅथलिक धर्मप्रांताने विकत घेतली.

दुसरा प्रवाह आणखी थेट आहे. ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७-१९४८) आणि त्यांच्यानंतर केनेथ हेगिन (१९१७-२००३) यांच्या शिकवणीतून 'वर्ड ऑफ फेथ' चळवळ उभी राहिली. विश्वासाने उच्चारलेल्या शब्दात सामर्थ्य असतं, म्हणून आरोग्य आणि पैसा तोंडाने 'क्लेम' करा, असं ती सांगते. केन्यन यांच्या पुस्तकांतला मजकूर हेगिन यांच्या लिखाणात जवळजवळ जसाच्या तसा सापडतो, हे अभ्यासक डी. आर. मॅककॉनेल यांनी १९८८ साली दाखवून दिलं. केन्यन यांच्यावर न्यू थॉटचा प्रभाव होता, असंही त्यांचं म्हणणं. तो नेमका किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

याच शिकवणीला आज 'प्रॉस्पेरिटी गॉस्पेल', म्हणजे समृद्धीचं शुभवर्तमान म्हणतात. जोएल ऑस्टीन हे यातलं आजचं सर्वांत ओळखीचं नाव. त्यांचं ह्युस्टनमधलं लेकवुड चर्च २००५ पासून एका जुन्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये भरतं. टीव्ही आणि यूट्यूबमुळे या धाटणीची प्रवचनं आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि भारतातही ऐकली जातात.

टीकाकारांचे मुख्य आक्षेप कोणते?

१) देव म्हणजे एटीएम नाही

ख्रिस्ती श्रद्धेत देव ही 'व्यक्ती' आहे. त्याला स्वतःची इच्छा आहे. त्याच्याशी नातं जोडता येतं, त्याच्याकडे मागता येतं, त्याच्याशी भांडताही येतं. पण 'हे शब्द म्हणा, ते मिळेल' असा नियम लावला की देवाचं यंत्र होतं. कार्ड घातलं, पिन दाबला, पैसे आले. 'युनिव्हर्स'ला ऑर्डर देण्याची भाषा तर देवालाही वगळून टाकते.

हा वाद नवाही नाही. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने नीतिमान होऊ शकतो, असं पाचव्या शतकात पेलाजियस नावाचा संन्यासी शिकवायचा. संत ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला. माणसाला देवाच्या कृपेची गरज असते, हे त्यांचं म्हणणं चर्चने स्वीकारलं आणि ४१८ सालच्या कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मतं फेटाळली. पोप फ्रान्सिस यांनीही २०१८ सालच्या एका पत्रात या जुन्या चुकीच्या नव्या रूपांबद्दल इशारा दिला होता.

२) अपयश आलं की दोष कोणाचा?

या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. विचारांनी कॅन्सर बरा होतो असं मानलं, तर बरा न झालेल्या माणसाने काय समजायचं? एकच अर्थ उरतो: त्याचा विश्वास कमी पडला किंवा मनात 'निगेटिव्ह' विचार होते. आधीच आजार, त्यात हा अपराधीपणा. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

केट बोलर या ड्यूक विद्यापीठातल्या इतिहासकार. 'प्रॉस्पेरिटी गॉस्पेल'चा इतिहास सांगणारं त्यांचं 'ब्लेस्ड' हे पुस्तक २०१३ साली आलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या ३५व्या वर्षी, त्यांना चौथ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं. त्या स्वतः ख्रिस्ती आहेत. आजारपणात एक शेजारीण घरी येऊन म्हणाली की, जे घडतं त्यामागे काहीतरी कारण असतं. ते कारण मला ऐकायला आवडेल, असं बोलर यांच्या नवऱ्याने तिला सुनावलं. २०१८ सालच्या आपल्या पुस्तकात बोलर यांनी हे वाक्य आपल्याला प्रिय असलेल्या खोट्या गोष्टींच्या यादीत टाकलं आहे.

बायबलमध्येही हीच भूमिका दिसते, असं टीकाकार सांगतात. ईयोबाच्या पुस्तकात सज्जन ईयोबाची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं जातं. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात. तिथवर ते बरोबर असतात. मग ते तोंड उघडतात आणि 'तुझंच काहीतरी चुकलं असणार' हे परोपरीने पटवायला लागतात. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून येशू स्वतःच 'नाही' असं उत्तर देतो. जन्मांध माणसाबद्दलही तो तेच सांगतो: याचंही पाप नाही आणि याच्या आई-वडिलांचंही नाही.

३) रडायला जागाच उरत नाही

'गुड व्हाइब्स ओन्ली' या नियमात बायबलचा मोठा भाग बसणार नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, शेवटी दिलासा येत नाही. 'विलापगीत' नावाचं एक संपूर्ण पुस्तक आहे. मित्राच्या कबरीपाशी येशू रडतो आणि वधस्तंभावर देवाने आपल्याला का टाकलं, असा आक्रोश करतो. पौलाने आपल्या शरीरातला 'काटा' निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, तो निघाला नाही.

या सगळ्यांचा विश्वास कमी होता, असं कोणताही चर्च म्हणणार नाही. ख्रिस्ती परंपरेत देवापुढे तक्रार करणं हीसुद्धा प्रार्थनाच.

४) शेजारी कुठे गेला?

व्हिजन बोर्डवर घर असतं, गाडी असते, परदेश प्रवास असतो. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंचं औषध सहसा नसतं. येशूच्या शिकवणीत शेजाऱ्यावरची प्रीती ही दोन सर्वांत मोठ्या आज्ञांपैकी एक आहे, त्यामुळे फक्त 'मी' आणि 'माझं' यावर उभी असलेली शिकवण ख्रिस्ती कशी, असा टीकाकारांचा प्रश्न आहे.

याला सामाजिक बाजूही आहे. गरिबी विचारांमुळे येते असं मानलं, तर कमी मजुरी, महागडी रुग्णालयं, दुष्काळ यांवर बोलायची गरजच राहत नाही. इव्हँजेलिकल चर्चच्या लोझान चळवळीशी संबंधित आफ्रिकी धर्मशास्त्रज्ञ २००८ आणि २००९ साली घाना देशातल्या आक्रोपाँग इथे भेटले. त्यांनी काढलेल्या निवेदनात देवाचा आशीर्वाद आणि कष्टाचं मोल मान्य केलं आहे. पण गरिबी, आजार किंवा अकाली मृत्यू म्हणजे देवाचा शाप किंवा विश्वासाचा अभाव, ही शिकवण त्यांनी साफ नाकारली. ही टीका पाश्चात्त्य विद्वानांनी दुरून केलेली नव्हती. जिथे गरीब माणसं या प्रचारकांना आपले पैसे देत होती, तिथूनच ती आली होती.

बायबलमधली ही वचनं तर सगळीकडे दिसतात, त्यांचं काय?

मग, बिछान्याशेजारच्या फोटोफ्रेमपासून ते व्हॉट्सॲप स्टेटसपर्यंत दिसणाऱ्या चार वचनांचा मूळ संदर्भ पाहू.

फिलिप्पैकरांस पत्र ४:१३. ख्रिस्ताच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, असा याचा आशय. खेळाडूंचं हे आवडतं वचन आणि पील यांनी दिवसातून दहा वेळा म्हणायला सांगितलेलं वचनही हेच. पण हे पत्र पौलाने तुरुंगातून लिहिलं आहे. आधीच्याच ओळींत तो म्हणतो की, पोट भरलेलं असो वा उपाशी, दोन्हींत समाधानी राहायला मी शिकलो आहे. म्हणजे इथलं 'सर्व काही' जिंकण्याबद्दल नाही, सोसण्याबद्दल आहे.

यिर्मया २९:११. तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत, असा देवाचा निरोप. हे वचन येतं बाबेलात पकडून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रात. त्याआधीच्या ओळीत सुटकेला ७० वर्षं लागतील असं सांगितलं आहे! म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती सुटका पाहिलीच नसती. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्याचं भलं पाहा.

यातली खरी गंमत आधीच्या २८व्या अध्यायात आहे. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जूही तो मोडून टाकतो. त्या काळातला हा 'पॉझिटिव्ह' वक्ता. बायबल त्याला खोटा संदेष्टा म्हणतं. लोकांना कडू बातमी देणारा यिर्मया खरा ठरतो.

नीतिसूत्रे २३:७. माणूस मनात जसा विचार करतो तसाच तो असतो, हे या वचनाचं प्रसिद्ध रूप. जेम्स ॲलन यांच्या १९०३ सालच्या 'ॲज अ मॅन थिंकेथ' या पुस्तकाचं नाव यावरूनच आलं. मूळ ठिकाणी विषय आहे कंजूष यजमानाचा. तो तोंडाने 'जेव, जेव' म्हणेल, पण मनात घासांचा हिशेब करत असेल, म्हणून त्याच्याकडे जेवू नकोस, असा हा व्यवहारी सल्ला आहे. विचारांनी नशीब घडतं, असा सिद्धांत तिथे नाही.

मार्क ११:२४. प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते मिळेल. 'द सीक्रेट'च्या तीन पायऱ्यांना आधार दिला जातो तो मुख्यतः अशाच वचनांचा. हे वचन खरोखरच ठाम आहे आणि टीकाकारही ते नाकारत नाहीत. ते दोन गोष्टी दाखवतात. पुढच्याच ओळीत प्रार्थना करताना इतरांना क्षमा करायला सांगितलं आहे, ती ओळ रील्समध्ये येत नाही. आणि याच शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत, येशू स्वतः मागतो की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. लगेच पुढे म्हणतो, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. तो प्याला दूर झाला नाही. मागणाऱ्याच्या विश्वासात खोट होती, असं इथे म्हणता येईल का?

मग ख्रिस्ती माणसाने निराश राहायचं का?

अजिबात नाही. ख्रिस्ती धर्मात श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन सर्वोच्च गुण मानले जातात. इथे आशा आणि पॉझिटिव्ह थिंकिंग यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे.

पॉझिटिव्ह थिंकिंग सांगतं, शेवट चांगलाच होणार आणि तो माझ्या मनावर अवलंबून आहे. ख्रिस्ती आशा सांगते, शेवट माझ्या हातात नाही, कदाचित मला आवडेल असा तो नसेलही, पण देव मला सोडणार नाही. पहिल्या भूमिकेत वाईट बातमी ऐकून घ्यायला भीती वाटते, कारण मनात शंका आली तरी सगळं बिघडेल. दुसरीत वाईट बातमी ऐकता येते, तिच्यावर रडता येतं आणि तरी उद्या सकाळी उठून काम करता येतं.

लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० साली 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' हे दुःखाची तात्त्विक चर्चा करणारं पुस्तक लिहिलं. २० वर्षांनी, १९६० साली, त्यांची पत्नी जॉय कॅन्सरने गेली. त्यानंतर त्यांनी वहीत जे लिहिलं ते 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' म्हणून १९६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालं. त्यात राग आहे, शंका आहेत, देवाने दार लावून घेतल्याची भावना आहे. तरीही ते आजही ख्रिस्ती लोक शोकात असलेल्यांना वाचायला देतात.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचं. दुष्काळात त्यांनी आई-वडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षंही झाली नाहीत तोच पती वारले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य भारतात गेल्या आणि अनाथ मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना उभारला. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. रमाबाई शेवटपर्यंत बायबलच्या मराठी अनुवादाचं काम करत राहिल्या. त्यांचं आयुष्य 'सगळं छान होईल' या सूत्रात बसत नाही, पण त्या आशेने जगल्या नाहीत असंही कोणी म्हणू शकत नाही.

पॉझिटिव्ह थिंकिंगच्या बाजूने काहीच बोलता येत नाही का?

येतं. पील यांच्या काळातलं बरंचसं चर्च पाप आणि शिक्षा यांवरच बोलत होतं. न्यूनगंडाने पिचलेल्या माणसाला 'तुला जमेल' असं सांगणारं कोणी नव्हतं. पील यांनी ते सांगितलं आणि असंख्य वाचकांना त्यातून धीर मिळाला. स्मायली ब्लँटन या मनोविकारतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यांनी चर्चमार्फत समुपदेशनाची सोयही केली. मानसिक आजाराबद्दल उघड बोलणं कठीण होतं, त्या काळातली ही गोष्ट.

शिवाय मनावर ताबा ठेवण्याची शिकवण बायबलमध्येही आहेच. जे सत्य आहे, न्याय्य आहे, शुद्ध आहे त्याचा विचार करा, असं पौल त्याच फिलिप्पैकरांस पत्रात सांगतो. टीकाकार इतकंच लक्षात आणून देतात की त्या यादीत पहिला शब्द 'सत्य' हा आहे.

मानसशास्त्रातही चित्र संमिश्र आहे. २००९ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात जोआन वूड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर आधीच कमी आहे, त्यांनी 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनातून दिसलं की, फक्त यशाची स्वप्नं रंगवल्याने प्रयत्न कमी होऊ शकतात. स्वप्नासोबत वाटेतले अडथळेही डोळ्यांसमोर आणले, तर फायदा होतो. म्हणजे सकाळी आरशासमोर बोलून दिवस बरा जात असेल, तर जाऊ द्या. पण सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

पुढचं रील समोर आलं की काय विचारायचं?

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, या वादातून चार प्रश्न नक्की उचलता येतील.

• हे खरं ठरलं नाही, तर दोष कोणाला दिला जाईल? उत्तर 'तुम्हालाच' असेल, तर सावध व्हा.
• हेच वाक्य आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाला म्हणता येईल का?
• सांगणारा काय विकतोय? कोर्स, पुस्तक, की देणगीची लिंक?
• हे ऐकून औषध बंद करावंसं, डॉक्टरकडे जाणं टाळावंसं किंवा कर्ज काढावंसं वाटतंय का? तसं असेल, तर आधी घरच्या माणसांशी आणि तज्ज्ञांशी बोला.

सतत उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो विचारांचा आळस नाही आणि श्रद्धेची परीक्षाही नाही. त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि एखादा मित्र अशा अवस्थेत असेल, तर त्याला लगेच मोटिव्हेशनल रील पाठवू नका. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं, ते करा. त्याच्याजवळ जाऊन बसा.